बोट झिजतं, हक्क झिजत नाही

भारतातल्या संगणकाचा इतिहास सांगणारे बंगळुरूपासून सुरुवात करतात, पुण्याला येऊन ‘परम’ महासंगणकाचं नाव घेतात आणि थांबतात. या इतिहासाच्या पहिल्या पानावर नंदुरबार जिल्ह्यातलं एक गाव हवं. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीला तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक गावातल्या दहा जणांना मिळाले. जगातल्या सर्वांत मोठ्या बायोमेट्रिक नोंदणीचा नारळ मुंबई-दिल्लीत फुटला नाही, या आदिवासी गावात फुटला.

तिथून जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. एक बाजू म्हणते, गरिबाला पहिल्यांदा स्वतःची ओळख मिळाली. दुसरी म्हणते, सरकारला प्रत्येकावर पाळत ठेवायचं साधन मिळालं. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या २०१२ सालच्या आधारविरोधी याचिकेतून खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी आला. हा वाद गरजेचा आहे. पण कंट्रोलच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत शेवटी येतो आणि तोवर वेळ संपलेली असते. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे : यंत्र ‘नाही’ म्हणालं, तर माझ्या धान्याचं काय?

आज फक्त याच प्रश्नाबद्दल.

अंगठा जुनाच आहे

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्या या माणसाने करार नाकारू नये, एवढाच हेतू. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी करण्याची जी रीत ‘हेन्री पद्धत’ म्हणून जगभर गेली, तिचं बरंचसं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी केलं. नाव हेन्री साहेबाचं झालं. ही विद्या या देशात वाढली आणि पहिल्या दिवसापासून तिचा रोख एकाच बाजूला राहिला. संशय ठसा देणाऱ्यावर आणि विश्वास ठसा घेणाऱ्यावर.

शहादा-तळोद्याच्या आदिवासींना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली, हे त्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलेलं आहे. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र खरा होता आणि त्या खऱ्या अंगठ्याच्या जोरावर खोटा व्यवहार पक्का होत होता. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी याविरुद्ध माणसं उभी केली, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. अशा लढ्यांच्या रेट्यातून आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ सालचा कायदा राज्याला करावा लागला. ठसा जुळला म्हणजे न्याय झाला असं होत नाही, हा धडा या मातीत संगणक येण्याआधीच शिकून झालेला आहे.

आता उलटं झालंय. तेव्हा अंगठा जुळायचा आणि जमीन जायची. आता अंगठा जुळत नाही आणि धान्य जातं. दोन्ही वेळा तोटा त्याच माणसाचा.

बोटं कशाने झिजतात

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळते आणि तिचे देठ खुडायला बाया दिवसभर बसतात. संध्याकाळी बोटांची आग होत असते. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, कुणी बांधकामावर जातं. कोयत्याची मूठ, सिमेंट, दगड, माती. बोटांच्या टोकांवरच्या रेषा कष्टाने झिजतात, वयाने पुसट होतात, भेगा पडल्या की तुटतात. दिवसभर कागद हाताळणाऱ्याचं बोट यंत्राला पटकन कळतं. ज्या घराला धान्याची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्या घरातली बोटं यंत्राला सर्वांत कमी कळतात. जिथे मदत पोचायला हवी तिथेच नेमकं अडखळणारं साधन निवडलं गेलं, हे आधी मान्य करूया.

शिवाय बोट काचेवर टेकवलं की काम संपत नाही. दुकानातल्या ई-पॉस यंत्राला रेंज लागते. तिथून तो ठसा आधारच्या मध्यवर्ती भांडारापर्यंत जातो. ही भांडारं बंगळुरूला आणि हरयाणातल्या मानेसरला आहेत. तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. सातपुड्याच्या चौथ्या-पाचव्या पुड्यात, जिथे फोन लावायला टेकडी चढावी लागते, तिथल्या बाईची ओळख पटवायला बंगळुरू नाहीतर हरयाणापर्यंत जाऊन यावं लागतं. तिला जन्मापासून ओळखणारा दुकानदार मात्र समोर बसलेला असतो.

बोट झिजलं तरी ‘नाही’. रेंज गेली तरी ‘नाही’. सर्व्हर डाऊन, बॅटरी संपलेली, शिधापत्रिकेला आधार जोडताना कारकुनाने आकडा चुकवला, तरी ‘नाही’. दुखणी पाच वेगवेगळी आणि बाईला मिळणारं उत्तर एकच : उद्या या. त्या ‘उद्या’ची किंमत तिची एका दिवसाची मजुरी आणि डोंगरातली परतीची वाट आहे. ती किंमत कुठल्याही सरकारी तक्त्यात धरली जात नाही.

‘नाही’ कोण म्हणतं?

“आम्ही काय करणार, यंत्रच घेत नाही.” हे वाक्य दुकानात ऐकू येतं, तहसीलमध्ये ऐकू येतं. या वाक्यात यंत्राला मत असतं असं धरलेलं आहे. ते तपासून पाहू.

दोन ठसे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. तेच बोट दुसऱ्यांदा टेकवलं तरी थोडा फरक पडतो. यंत्र फक्त किती साम्य आहे याचे गुण देतं. किती गुणांना पास म्हणायचं, ती रेषा माणसं ओढतात. रेषा वर नेली तर तोतया आत शिरणं कठीण होतं, पण खरी माणसं जास्त संख्येने बाहेर पडतात. रेषा खाली आणली तर खरी माणसं आत येतात, पण एखादा तोतयाही शिरतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा कुणालाच ओढता आलेली नाही. संगणकाचं शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

मग प्रश्न तंत्राचा उरतच नाही. कुणाची चूक सहन करायची, हा निर्णय आहे. बँकेच्या तिजोरीवर रेषा वर ठेवा, माझं काही म्हणणं नाही. माणशी पाच किलो धान्यासाठी ती कुठे हवी? एक तोतया पाच किलो घेऊन गेला तर सरकारचं पाच किलोचं नुकसान. एक खरी बाई रिकामी परत गेली तर तिच्या घरात चूल पेटत नाही. ही दोन नुकसानं एका तागडीत घालणारा हिशेब मला मान्य नाही.

एक जून आणि एक जानेवारी

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी आहे. कारण सर्वांना माहीत आहे. जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तरांनी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकला. आधारच्या नोंदणीत तसंच झालं, फक्त महिना बदलला. ज्याला फक्त वय सांगता आलं, त्याच्या वयावरून जन्माचं वर्ष काढलं गेलं आणि तारखेच्या जागी १ जानेवारी बसली. शाळेची पायरी न चढलेल्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस आता नववर्षाच्या दिवशी येतो.

मास्तरांच्या एक जूनमध्ये निदान एक माणूस मुलाकडे पाहून अंदाज बांधत होता आणि पुढे चूक कळली तर दुरुस्त करायला तोच गावात होता. आजचा एक जानेवारी एकदा आत शिरला की दगडावरची रेघ होतो. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. अंदाजाने धरलेलं वर्ष दोन-तीनने चुकलं, तर म्हाताऱ्या माणसाचं तेवढ्या वर्षांचं निवृत्तिवेतन बुडालं. आधारवरची जन्मतारीख बदलायची तर एकदाच बदलता येते, आणि ती बदलायला जन्माचा कागद लागतो. तो कागद नव्हता, म्हणून तर हे सगळं झालं.

नोंदवह्या बनवणाऱ्या शास्त्राला या दुखण्यावरचं औषध फार पूर्वीपासून माहीत आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीच्या कोष्टकांचं जे गणित मांडलं, त्यावर आजच्या सरकारी नोंदी उभ्या आहेत. त्या गणितात पुढे ‘माहीत नाही’ लिहायची रीतसर सोयही आली. यंत्र रिकामी जागा सांभाळू शकतं. आपल्या कचेऱ्यांना ती सांभाळवत नाही. त्यांना खरं ‘माहीत नाही’ नको असतं, खोटी का होईना, पण पूर्ण भरलेली तारीख हवी असते.

वसावे की वसावा

नावांचंही तेच. नंदुरबारमधलं वसावे हे आडनाव सीमेपलीकडे गुजरातेत वसावा होतं. कुटुंब एकच, नर्मदाही एकच. ज्यांचं अर्धं वर्ष ऊसतोडीत सीमेपलीकडे जातं, त्यांच्या मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरं आणि आधारवर तिसरं लागतं. भिली आणि पावरी नावं आधी इंग्रजी अक्षरांत बसवली जातात आणि मग यंत्र ती परत मराठीत आणतं. या येण्याजाण्यात घरच्यांनी ठेवलेलं नाव मोडतं. मग ते दुरुस्त करायला मुलाच्या बापाने तालुक्याला खेपा घालायच्या, फोटो काढायचे, पैसे भरायचे आणि प्रतिज्ञापत्र करायचं, की हा तोच आहे. चूक नोंद भरणाऱ्याची आणि शपथ बापाची.

श्रेय द्यायचं तिथे द्या

या व्यवस्थेने काहीच चांगलं केलं नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. बनावट शिधापत्रिकांवर कुणाकुणाची घरं चालत होती, ते गावोगाव माहीत आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालवण्याची देशातली पहिली सोय ज्या दोन जोड्यांत सुरू झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. नवापूरच्या मजुराने सुरतेत आपल्या हक्काचं धान्य घ्यावं, हे कागदी कार्डाच्या काळात घडलं नसतं. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन आहे, नंदुरबारमध्ये तो मोठा साजरा होतो, आणि त्या दिवशी मिळालेली ही खरी भेट होती.

म्हणून यंत्र मोडा, असं मी म्हणत नाही. यंत्राने माणसाला सीमेपलीकडे धान्य मिळवून द्यावं, हेच त्याचं काम. त्याच यंत्राने घरच्या गावात त्याला उपाशी परतवावं, हे कुठल्याही प्रगतीच्या नावाखाली चालणार नाही.

कायदा एक सांगतो, यंत्र दुसरं

कायदा काय म्हणतो ते पाहा. २०१६ च्या आधार कायद्याच्या सातव्या कलमातच लिहिलंय, की आधार क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीचा दुसरा मार्ग द्या. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. आधारशी न जोडल्यामुळे घरची शिधापत्रिका रद्द झाली होती. घरच्यांनी भुकेने गेली म्हटलं, सरकारने मलेरियाने. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढलं : ठसा जुळला नाही तर दुसरे मार्ग वापरा, तेही चालले नाहीत तर नोंदवहीत नोंद करून धान्य द्या. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे आणि पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारायचा नसतो. २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा टिकवणारा निकाल आला. एकटे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. पण बहुमतानेही, खऱ्या लाभार्थ्याला पडताळणीपायी वंचित ठेवणार नाही, हे सरकारचं आश्वासन नोंदवून घेतलं.

यंत्र चालवणाऱ्यांनी २०१८ साली स्वतः सांगितलं की शंभरात बारा वेळा नकार येतो. कायदा सांगतो, नकार आला तरी द्या. मग दुकानात अडतं कुठे? यंत्राने ‘हो’ म्हटल्याशिवाय पावती निघत नाही आणि पावतीशिवाय दुकानदाराचा साठा जुळत नाही, तिथे अडतं. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ साली एक अख्खं पुस्तक या मुद्द्यावर लिहिलं, की संगणकाचा कार्यक्रम कायद्यासारखाच माणसांवर राज्य करतो. रेशनच्या दुकानात तो कायद्याच्याही वर बसलाय. न्यायालयाचा निकाल दिल्लीत आहे आणि नकार काउंटरवर.

यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं. तिथल्या टपाल खात्यात ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. प्रणालीने पैसे कमी दाखवले की पोस्टमास्तर चोर ठरायचा. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींचे संसार मोडले. चूक प्रणालीत होती, हे न्यायालयाने २०१९ साली म्हटलं आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये आला. ती माणसं इंग्रजी वाचत होती, वकील करू शकत होती, तरी त्यांना वीस वर्षं लागली. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईने किती वर्षं थांबायचं?

मणिबेलीला होडी जाते

महाराष्ट्राचा विधानसभा मतदारसंघ क्रमांक एक अक्कलकुवा आहे आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक एक नर्मदेकाठचं मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या त्या भागात सरकार मतदानासाठी होडीने पोचतं. तिथलं मतदान यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. ओळख पटवायला समोर अधिकारी असतो, यादी असते आणि गावचे प्रतिनिधी बसलेले असतात. रेंज नाही म्हणून मणिबेलीचं मतदान कधी ‘उद्या’वर गेलेलं नाही. मत घ्यायला जे जमतं, ते धान्य द्यायला जमलंच पाहिजे.

म्हणून या मागण्या. यातली एकही नवी तंत्रविद्या मागत नाही.

आधी धान्य, मग चौकशी. दोनदा बोट लागलं नाही की नोंदवहीत सही किंवा साक्ष घेऊन त्याच वेळी धान्य द्यावं आणि ते दुकानदाराच्या साठ्यातून विनातक्रार वजा व्हावं. आधार काढताना ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांच्यासाठी ‘परिचयदाता’ म्हणजे ओळख देणारा माणूस चालत होता. क्रमांक देताना माणसाची साक्ष चालली, तर धान्य देतानाही चालली पाहिजे.

नकाराचं कारण कागदावर यावं. बोट, रेंज, सर्व्हर की चुकीची जोडणी, ते यंत्राने मराठीत छापून बाईच्या हातात द्यावं. कोणत्या दुकानात किती नकार आले, ते दर महिन्याला ग्रामसभेत वाचून दाखवावं.

दुरुस्ती करणाऱ्याने गावात यावं. स्थलांतरित कुटुंबं होळीला घरी परततात. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्या बाजार या दिवसांत अख्खा सातपुडा एकत्र येतो. ठसे, नावं, जन्मतारखा सुधारण्याची शिबिरं तिथे भरवा, एक पैसा न घेता. नावासाठी आणि वयासाठी ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून धरा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या ‘पेसा’ कायद्याखाली या जिल्ह्यातल्या ग्रामसभांना एवढा मान मिळालाच पाहिजे.

आणि चाचणी आधी इथे घ्या. २०२५ साली ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी आली, तेव्हा ओटीपी पोचायला रेंजच नाही अशा पाड्यांचा विचार नियम करताना व्हायला हवा होता. यापुढे कोणतीही सरकारी प्रणाली राज्यभर लागू होण्याआधी धडगाव तालुक्यात एक पावसाळा चालवून दाखवा. तिथे चालली तर कुठेही चालेल.

नंदुरबारच्या ज्या मुला-मुलींनी संगणक शिकून पुण्या-मुंबईत नोकरी धरली आहे, त्यांना एक सांगणं. तुमच्या टेबलावर उद्या असाच एखादा सरकारी अर्ज बांधायला येईल. त्यात ‘माहीत नाही’ची जागा ठेवा, बिनरेंजचा मार्ग ठेवा आणि नकारापुढे माणसाची साक्ष ठेवा. बैठकीत कुणी नाही म्हणालं तर भांडा. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आणि कंट्रोलच्या रांगेतल्या वाचकहो, यंत्र ‘नाही’ म्हणालं तर तसंच परत फिरू नका. नोंदवहीत नोंद करायला सांगा. नकार लेखी मागा. १९६७ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करा, गावच्या दक्षता समितीपुढे विषय काढा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. तो मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.